तारीख बाटलीवर, ऊन रस्त्यावर

एप्रिलच्या मध्यापासून जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत मी आमच्या वितरकाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावते: पार्सल दुपारच्या गाडीला देऊ नका. जळगावहून जामनेर नेरीमार्गे पस्तीस-चाळीस किलोमीटर. गाडीला तास-सव्वा तास लागतो. पण गाडी सुटण्याआधी ते पार्सल काउंटरच्या बाहेर किती वेळ पडलं होतं, गाडीत इंजिनाजवळ ठेवलं की टपावर टाकलं, आणि इथे उतरल्यावर कुणाच्या टपरीच्या पत्र्याखाली ते किती वेळ राहिलं, याचा हिशेब त्या सव्वा तासात येत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जाणं ही आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. आणि त्या खोक्यावर छापलेलं असतं: २ ते ८ अंश सेल्सिअसला साठवावे.

मी जामनेरमधल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये २३ वर्षं टेक्निशियन आहे. शेंदुर्णी, पहूर, फत्तेपूर, तोंडापूर अशा सगळ्या बाजूंनी लोक येतात. उपाशीपोटी आलेली म्हातारी माणसं सकाळी सातपासून बाकड्यावर बसलेली असतात आणि ‘ताई, माझं आधी घ्या ना माय, शेवटची गाडी लागेल’ म्हणतात, सकाळचे सात वाजलेले असले तरी. त्यांच्या हातात मी जो कागद देते त्यावरचा आकडा मशीनने मोजलेला असतो खरा, पण मशीन मोजतं फक्त रंग. तो रंग आणणारा वेगळाच असतो. खोक्यातल्या छोट्या बाटलीतलं एन्झाइम तो आणतं. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात.

साखरेच्या किटमध्ये दोन एन्झाइम असतात. एक ग्लुकोज ऑक्सिडेझ, ते एका काळ्या बुरशीपासून काढतात. दुसरं पेरॉक्सिडेझ, ते हॉर्सरॅडिश नावाच्या मुळ्यासारख्या तिखट मुळापासून. पहिलं रक्तातल्या ग्लुकोजवर काम करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, दुसरं त्या पेरॉक्साइडचा वापर करून बाटलीतल्या बाकीच्या रसायनांना गुलाबी करतं. १ मिलिलिटर द्रावणात १० मायक्रोलिटर सीरम टाकायचं, ३७ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. साखर जितकी जास्त तितका गुलाबी गडद. तुमच्या रिपोर्टवरचे १४० किंवा २६० म्हणजे त्या गुलाबी रंगाची गडदता, दुसरं काही नाही. युरियाच्या किटमध्ये युरिएझ असतं, कोलेस्टेरॉलच्या किटमध्ये कोलेस्टेरॉल ऑक्सिडेझ, लिव्हरच्या एसजीपीटीच्या किटमध्ये लॅक्टेट डीहायड्रोजिनेझ. म्हणजे तालुक्याच्या गावात डॉक्टर ज्या कागदाकडे बघून गोळी वाढवतात किंवा कमी करतात, त्या कागदाचा अर्धाअधिक भार या नाजूक प्रथिनांवर आहे.

नाजूक म्हणजे किती? मला नवीन मुलीला शिकवायचं असलं की मी फेट्याचं उदाहरण देते. लग्नात नवरदेवाच्या डोक्यावर बांधलेला फेटा आणि तोच सोडून पलंगावर टाकलेला कपडा. वजन तेच, सूत तेच, रंग तोच. पण सोडलेल्याला फेटा कुणी म्हणणार नाही. एन्झाइम म्हणजे असाच एक लांब धागा, विशिष्ट पद्धतीने गुंडाळलेला. त्या गुंडाळण्यातच एक खोबण तयार होते, तिथे ग्लुकोजचा रेणू बरोबर बसतो आणि काम होतं. उष्णता लागली की पीळ सैल होतो. बाटलीतलं प्रथिन बाटलीतच असतं, द्रावण स्वच्छच दिसतं, वास येत नाही, तारीखही उलटलेली नसते. फक्त खोबण गेलेली असते. दूध नासलं तर कळतं, भाजी आंबली तर कळतं. हे कळत नाही, आणि माझं सगळं म्हणणं या न कळण्याबद्दल आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वीचा मे महिना. फत्तेपूरकडचे एक नाना दर तीन महिन्यांनी आमच्याकडे साखर तपासायला यायचे. त्या वेळी उपाशीपोटीची साखर आली १७०. आधी ती अडीचशेच्या घरात असायची. नाना खूश झाले. गूळ सोडला, रोज मारुतीच्या मंदिरापर्यंत चालतो, असं त्यांनी मला बाकड्यावर बसून सांगितलं. डॉक्टरांनीही शाबासकी दिली आणि जी गोळी वाढवायची होती ती वाढवली नाही. तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. पायाला काटा लागला होता, जखम चिघळली होती, जळगावला दाखल केलं होतं आणि तिथे साखर तीनशेच्या वर निघाली होती.

मी फोन ठेवला आणि स्टँडर्ड लावलं. स्टँडर्ड म्हणजे १०० मिलिग्रॅम साखरेचं मोजून तयार केलेलं द्रावण. आमच्या मशीनवर त्याचं वाचन ०.३४ च्या आसपास यायचं. त्या दिवशी आलं ०.२३. पुन्हा लावलं, ०.२३. म्हणजे एन्झाइमची ताकद एवढी उतरली होती की ठरलेल्या वेळात रंग पुरता चढतच नव्हता, आणि ज्याची साखर खरी २५० त्याची १७० दिसत होती. आमच्या मशीनमध्ये महिन्यापूर्वी काढलेला फॅक्टर, म्हणजे रंगावरून आकडा काढायचा गुणक, साठवलेला होता आणि आम्ही त्यावरच काम चालवत होतो. रोज स्टँडर्ड लावलं असतं तर पहिल्याच सकाळी कळलं असतं. कंट्रोल सीरम, म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असं पडताळणीचं सीरम, संपलं होतं, नवीन मागवलेलं आलं नव्हतं. ते किट ज्या दिवशी आलं त्या दिवसाची पावती मी शोधून काढली. पार्सल दुपारी दोनला उतरलं होतं. मी लॅब बंद करून जेवायला गेले होते, शेजारच्या दुकानदाराने खोका घेऊन त्याच्या पायरीवर ठेवला होता. पायरी पश्चिमेकडे तोंड करून आहे.

नानांच्या पायाचं एक बोट काढावं लागलं. त्यांनी किंवा त्यांच्या मुलाने मला कधीच काही बोल लावला नाही, उलट नंतर भेटले तेव्हा माझ्या मुलाची चौकशी केली. पण ते तीन आठवडे माझ्या आकड्यामुळे वाया गेले, हे मला माहीत आहे. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर रोजची पहिली टेस्ट माणसाची नसते, स्टँडर्डची असते.

हे सगळं मला तेव्हाच सुचायला हवं होतं, कारण एन्झाइम कसं मरतं हे मी लहानपणी हातांनी पाहिलं आहे. माझ्या मामाची शेती यावल तालुक्यात. केळीच्या बाजूला थोडी पपई असायची, आणि काही वर्षं त्यांनी पपईचा चीक काढून व्यापाऱ्याला दिला. फळ कच्चं असतानाच, पहाटे, ऊन चढायच्या आत, फळावर उभे तीन-चार काप द्यायचे, फार खोल नाही, साधारण ३ मिलिमीटर. पांढरा चीक ओघळायचा, काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ताटलीत धरायचा. लोखंडी सुरी चालायची नाही. मामी बांबूची धारदार कामटी किंवा स्टीलचं पातं वापरायची. त्या चिकातच पपेन असतं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम. म्हणून तर मटणाला कच्ची पपई लावतात. चीक काढणाऱ्या बायांच्या बोटांची सालं निघायची, त्या खोबरेल तेल चोळून घ्यायच्या. हाताचं कातडंही प्रथिनच, त्याला ते कसं सोडेल?

चीक जमला की त्यात चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाकायचे आणि ५०-५५ अंशांच्या भट्टीत वाळवायचे. मामा थर्मामीटर हातातून खाली ठेवत नसत. पाच अंश जास्त झाले की माल तपकिरी पडायचा. आणि एक दिवस उशीर झाला, चीक उघडा राहिला, तरी तपकिरी. व्यापारी तो तपकिरी चुरा बोटांत चोळून बघायचा आणि भाव पाडायचा. मला तेव्हा वाटायचं, रंगासाठी एवढी घासाघीस कशाला. मोठेपणी शिकले तेव्हा कळलं. पपेनच्या खोबणीत गंधक असलेला एक गट असतो, काम करणारा तोच. हवेतल्या ऑक्सिजनने तो बिघडला की पपेन निकामी. ते सल्फाइट ऑक्सिजनला आधीच अडवतं. लोखंडाचा अंशही त्या बिघाडाला हात देतो, म्हणून लोखंडी सुरी नको. मामीला हे रसायनशास्त्र कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती कामटीच वापरायची. तपकिरी पपेन निदान दिसायला तरी तपकिरी होतं. माझ्या बाटलीतलं एन्झाइम मेलं तरी पाण्यासारखंच दिसतं.

साठवणीच्या बाकीच्या युक्त्याही आपल्या घरातल्या बायकांना नवीन नाहीत. खानदेशात मे महिन्यात गच्चीवर बिबडे घालतात. ज्वारीचं पीठ आंबवून, शिजवून, थापून कडक वाळवलं की वर्षभर डब्यात राहतं. पाणी गेलं की कशालाच हालचाल करता येत नाही, बुरशीला नाही आणि रसायनालाही नाही. एन्झाइम टिकवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग तोच आहे, पाणी काढून घ्यायचं. फक्त उन्हात वाळवलं तर पीळ सुटतो, म्हणून आधी गोठवतात आणि मग निर्वातात त्या बर्फाची थेट वाफ करतात. पाणी द्रवरूपात येतच नाही. बाटलीत मागे राहते हलकी, फुसफुशीत पांढरी वडी. अशा वेळी सोबत साखरेसारखा पदार्थ घालतात, ट्रेहॅलोज किंवा सुक्रोज. निघून गेलेल्या पाण्याच्या जागी ती साखर प्रथिनाला आधार देऊन बसते आणि फेटा सुटत नाही.

आमचं कंट्रोल सीरम असंच वाळवलेलं येतं. बाटलीत बरोबर ५ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालायचं, झाकण लावायचं आणि अर्धा तास अलगद फिरवत ठेवायचं. हलवायचं नाही. जोरात हलवलं की फेस येतो, आणि फेसाच्या प्रत्येक बुडबुड्याच्या पडद्यावर प्रथिन ताणलं जाऊन उलगडतं. नवीन मुली खोकल्याच्या औषधाची बाटली हलवावी तशी ती हलवतात. मला दिसलं की मी ओरडते, नंतर समजावते. विरघळल्यावर ते लगेच छोट्या छोट्या प्लास्टिकच्या नळ्यांत अर्धा-अर्धा मिलिलिटर वाटून घ्यायचं आणि गोठवायचं. रोज एक नळी काढायची, वापरायची, उरलेलं टाकून द्यायचं. पुन्हा गोठवायचं नाही. लोणच्याच्या मोठ्या बरणीत रोज हात घालायचा नाही, आठवड्यापुरतं सटात काढून घ्यायचं, हा आपल्या आजीचा नियम. तोच हा.

पुन्हा गोठवायचं का नाही, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘थंड म्हणजे चांगलं, जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं’ हा समज डॉक्टरांमध्येसुद्धा आहे. द्रावण गोठताना आधी शुद्ध पाण्याचा बर्फ होतो. सगळे क्षार आणि एन्झाइम उरलेल्या थोड्याशा थेंबात दाटीवाटीने कोंडले जातात. सोडियम फॉस्फेटचं बफर असेल तर त्यातला एक क्षार आधी स्फटिक होऊन बाहेर पडतो आणि उरलेलं पाणी आम्लधर्मी होतं. एन्झाइम त्या आंबट दाटीत सापडतं. वर बर्फाचे टोकदार काठ. प्रत्येक वेळी गोठवा आणि वितळवा, प्रत्येक वेळी थोडं मरतं. म्हणून साखरेच्या किटची बाटली फ्रीजरच्या बर्फाला चिकटून गोठली तर ती मी टाकून देते, मग ती कितीही महाग असो. मोठ्या प्रयोगशाळांत एन्झाइम उणे २० अंशांवर ठेवतात तेव्हा त्यात निम्मं ग्लिसरॉल मिसळलेलं असतं. ग्लिसरॉलमुळे ते उणे २० लाही गोठत नाही, मधासारखं दाट पण वाहतं राहतं. कोविडच्या काळात आरटीपीसीआरची एन्झाइम अशीच ठेवली जायची. त्यातलं टॅक नावाचं एन्झाइम अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जीवाणूत सापडलं, ९५ अंशांवर, उकळीजवळसुद्धा ते टिकून राहतं, आणि साठवताना मात्र त्यालाही उणे २० लागतं. काम करायला सोसणं वेगळं आणि महिनोन्‌महिने पडून राहणं वेगळं.

थोडं उलटंही असतं. रुग्णाच्या रक्तातच एन्झाइम असतात आणि ती आम्ही मोजतो. एलडीएचची, म्हणजे लॅक्टेट डीहायड्रोजिनेझची, तपासणी असेल तर सीरम फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, कारण त्याचे काही प्रकार थंडीनेच निकामी होतात. आणि साखरेसाठी घेतलेल्या रक्तात तर रक्तपेशींची एन्झाइम थांबवायची असतात. नाही तर पेशी नळीतली साखर खात बसतात, तासाला पाच ते सात टक्के, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणून फ्लोराइडची वेगळी नळी. खेड्यातल्या शिबिरातून साध्या नळीत, पिशवीत घालून मोटरसायकलवर आणलेलं रक्त माझ्याकडे येतं, तेव्हा मी साखर करायला नकार देते. त्यावरून वाद होतात, होऊ देत.

युरियाच्या किटमधलं युरिएझ हे जगात पहिल्यांदा स्फटिकरूपात वेगळं केलेलं एन्झाइम आहे, हे मला डिप्लोमाच्या पुस्तकात एका ओळीत शिकवलं गेलं. त्यामागची गोष्ट नंतर वाचली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर नावाचे तरुण प्राध्यापक होते. १७ व्या वर्षी शिकारीत गोळी लागून त्यांचा डावा हात गेला होता, आणि ते डावखुरे होते. त्यांनी १९१७ मध्ये आपल्या अबईच्या शेंगेच्या कुळातल्या जॅकबीनच्या बियांतून युरिएझ शुद्ध करायला घेतलं. प्रयोगशाळेत बर्फपेटी नव्हती. अर्काची भांडी ते खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर ठेवत आणि थंडी पडावी म्हणून देवाची करुणा भाकत. हे त्यांनी स्वतः नोबेलच्या व्याख्यानात सांगितलं आहे. नऊ वर्षांनी, १९२६ मध्ये, त्यांना स्फटिक मिळाले आणि एन्झाइम हे प्रथिन असतं हे सिद्ध झालं. नोबेल मिळालं १९४६ मध्ये. कधी मे महिन्याच्या दुपारी लाईट जाते, मी फ्रिजच्या दाराला हात लावून उभी असते, तेव्हा मला तो खिडकीचा कठडा आठवतो. शंभर वर्षांनी तेच मागणं.

आता माझं म्हणणं सांगते. आपल्या तालुक्यात थंड साखळी नाही असं नाही. ती आहे आणि उत्तम आहे. कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लशींसाठी बर्फाच्या भिंतीचा आयएलआर फ्रिज असतो, लाईट गेली तरी कित्येक तास आतलं तापमान धरून ठेवणारा. त्यात थर्मामीटर असतो, आणि सिस्टर सकाळ-संध्याकाळ दोनदा तापमान वहीत लिहितात. लशीच्या बाटलीवर एक छोटी खूण असते, वर्तुळात चौकोन. बाटलीला जितकी ऊब लागली असेल तितका आतला चौकोन गडद होत जातो. तो बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की लस फेकायची, तारीख काहीही असो. १९९६ मध्ये पोलिओच्या थेंबांच्या बाटलीवर ही खूण पहिल्यांदा आली. जगातल्या कानाकोपऱ्यातल्या आरोग्यसेविकेला एका नजरेत कळतं की ही बाटली वाटेत तापली होती का.

माझ्या साखरेच्या किटवर अशी खूण का नसावी? २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली ही किटं आता सरकारी नियंत्रणात आहेत, त्यांच्यावर साठवणीचं तापमान आणि मुदतीची तारीख छापावी लागते. पण ती तारीख म्हणजे ‘दोन ते आठ अंशांत ठेवलं तर’ या अटीवरचं वचन आहे. अट पाळली गेली की नाही हे सांगणारी एकही गोष्ट त्या खोक्यात नाही. कारखान्यात पाळली जाते, गोदामात पाळली जाते, माझ्या फ्रिजमध्ये मी पाळते. मधल्या रस्त्याचं उत्तर द्यायला कुणी नाही. पार्सलवाला म्हणतो, मला काय माहीत आत काय आहे. वितरक म्हणतो, मी आइसपॅक घालून दिलं होतं. मला पार्सल मिळतं तेव्हा आइसपॅक कोमट पाण्याची पिशवी झालेली असते.

मी हे एका कंपनीच्या प्रतिनिधीला बोलले. तो म्हणाला, मॅडम, किटमध्ये तेवढी सोय असते, दोन-चार दिवस बाहेर राहिलं तरी काही होत नाही. त्याचं खोटं नाही. बऱ्याच किटांत एन्झाइम गरजेपेक्षा जास्त घातलेलं असतं, आणि २५ अंशांवर दोन दिवस ती काढतात. पण उष्णता जमा होत जाते. गोदामातला एक तास, काउंटरवरचे तीन तास, टपावरचा एक, पायरीवरचे दोन, शिवाय लाईट गेलेल्या दोन रात्री. प्रत्येक जण म्हणतो माझ्याकडे थोडाच वेळ होतं. या सगळ्या थोड्या वेळांची बेरीज कोण करणार? लशीवरचा तो चौकोन नेमकी हीच बेरीज करतो. त्याला कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा लागत नाही.

खर्चाचा प्रश्न मला माहीत आहे. साखरेच्या तपासणीचे आम्ही पन्नास-साठ रुपये घेतो, त्यात किट, सुई, नळी, लाईटबिल आणि पगार. तरीही एका किटमध्ये शेकडो तपासण्या होतात, त्यावर एक खूण चिकटवल्याने एका माणसामागे पैशांतही मोजता येणार नाही इतका भार पडेल. सरकारने लशीसाठी हे करून दाखवलं आहे. मधुमेहाची साखर तपासणं हे काही चैनीचं काम नव्हे. आमच्या बाकड्यावर बसलेल्या दहांपैकी किती जण साखरेसाठी आलेले असतात हे येऊन मोजा.

लॅबवाल्यांनाही मला सांगायचं आहे, माझ्याच व्यवसायबंधूंना. एनएबीएलचं मानांकन ऐच्छिक आहे आणि लहान लॅबला परवडत नाही, मान्य. वही परवडते. थर्मामीटर परवडतो. आमच्या फ्रिजमध्ये आता फक्त किट असतात, पिण्याच्या पाण्याची बाटली नाही, डबा नाही, कारण दार जितक्या वेळा उघडेल तितक्या वेळा ४० अंशांची हवा आत जाते. रिकाम्या कप्प्यांत मी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या लावून ठेवल्या आहेत, लाईट गेली की तेवढंच थंड धरून राहतं. कंट्रोलच्या गोठवलेल्या नळ्या आधी फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये ठेवायचे, तेव्हा पंधरा दिवसांत वाचन डळमळायचं. नंतर समजलं, तो फ्रिज बर्फ साचू नये म्हणून दिवसातून अधूनमधून स्वतःच ऊब सोडतो. म्हणजे माझ्या नळ्या न सांगता वितळत-गोठत होत्या. आता जुन्या पद्धतीचा, बर्फ साचणारा एकदारी फ्रिज वापरते, महिन्यातून एकदा हाताने बर्फ काढते. आणि तयार केलेलं साखरेचं द्रावण रोज पांढऱ्या कागदासमोर धरून बघते. रक्त न घालताच गुलाबी झाक दिसली तर ओतून टाकते.

घरोघरच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांतही एन्झाइमच आहे, वाळवलेलं. पहूरच्या एका आजी इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या छोट्या माठात ठेवतात. घरी फ्रिज नाही, आणि इन्सुलिनसाठी ती युक्ती चांगली आहे. पण त्यांनी पट्ट्यांची डबीही त्याच माठात ठेवली. इन्सुलिनला गारवा हवा, पट्टीला कोरडेपणा. माठाच्या ओलाव्याने पट्ट्या गेल्या, आणि मशीन कधी ८० दाखवी, कधी नुसतीच चूक. फ्रिजमध्येही पट्ट्या ठेवू नयेत, बाहेर काढल्या की त्यांवर दव धरतं. डबी घट्ट बंद, चुलीपासून लांब, घरातल्या सगळ्यात गार भिंतीच्या कपाटात, आणि उघडल्यापासून डबीवर लिहिलेल्या महिन्यांतच संपवायची. आजींच्या नातीने आता डबीवर उघडल्याची तारीख स्केचपेनने लिहायला सुरुवात केली आहे.

आणि रुग्णांनी विचारावं. आमच्याकडे माणसं रिपोर्टचा कागद देवाच्या प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतात. त्यांनी विचारावं, ताई, आज स्टँडर्ड लावलं का? फ्रिजची वही दाखवा. मला त्यात अपमान वाटणार नाही. वही दाराच्या मागे खिळ्याला टांगलेली आहे, कुणीही उघडून बघावी.

वितरकाला मी आता माझा स्वतःचा छोटा थर्मामीटर देऊन ठेवते, तो त्याने खोक्यात घालून पाठवायचा. पहाटेच्या पहिल्या गाडीला मी स्वतः बसस्टँडवर जाते आणि तिथेच खोका उघडून बघते. पार्सल उतरवणारा मुलगा आता मला ओळखतो, माझा खोका सीटखाली ठेवतो. तरी मागच्या आठवड्यात आत १७ अंश निघाले. आइसपॅक पाणी झाले होते, कारण खोका आदल्या संध्याकाळपासून काउंटरवर होता. त्यात साखरेची चार किटं होती, माझ्या लॅबला दोन महिने पुरतील एवढी. मी खोका पुन्हा बांधला, वर पेनने ‘१७ अंश, सकाळी ६.४०’ असं लिहिलं आणि त्याच गाडीने परत पाठवला.